दोन पंप लावले की पाणी दुप्पट पळतं का? सिरीज आणि पॅरललचा फंडा समजून घ्या

नवी मुंबई मेट्रोच्या बेलपाडा स्टेशनला उतरलात की आजूबाजूला टॉवरच टॉवर. यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पंपरूममध्ये जे गणित चालतं, तेच लिक्विड कूलिंगवाल्या गेमिंग पीसीत चालतं. आणि पनवेलमध्ये २०२० साली सुरू झालेल्या योट्टासारख्या डेटा सेंटरच्या धंद्यातही पंपांचे नियम हेच.

सिरीज म्हणजे एका पंपातून निघालेलं पाणी थेट दुसऱ्या पंपात. पाणी तेवढंच, पण जोर दुप्पट. या जोराला हेड म्हणतात. पॅरलल म्हणजे दोन्ही पंप शेजारी शेजारी, पाणी एकाच लाईनमध्ये सोडणारे. इथं जोर तेवढाच, पाणी जास्त.

समजा टाकी ४० मीटरवर आहे आणि पंपाचा जोर ३० मीटरचा. असे दहा पंप पॅरलल लावले तरी वर थेंब चढणार नाही. सिरीजमध्ये दोन पुरतात.

पीसीचा लूप बंद असतो. जेवढं पाणी वर जातं, तेवढंच खाली येतं, त्यामुळं उंचीचा प्रश्न मिटतो. अडथळा फक्त घर्षणाचा. पण प्रवाह दुप्पट करायचा तर जोर साधारण चौपट लागतो. त्यात प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधल्या वाटा अगदी बारीक. म्हणून पीसीत सिरीज बरी. तरीही प्रवाह दुप्पट होत नाही, फार तर १.४ पट होतो.

खरी परीक्षा एक पंप बंद पडल्यावर. सिरीजमध्ये दुसरा पंप बंद पंपातूनही पाणी ढकलत राहतो. पॅरललमध्ये पाणी सोपी वाट धरतं आणि बंद पंपातून उलटं फिरतं. चिप तापतच राहते. म्हणून प्रत्येक पंपाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. डेटा सेंटरमध्ये पाणी शेकडो रॅककडं वाटायचं असतं, म्हणजे प्रवाह भरपूर लागतो. तिथं व्हॉल्व्हसह पॅरलल पंप आणि एक जादा पंप तयार ठेवतात.

आता खिशाचं बोलू. ५०० वॅटची उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर पाणी असेल, तर पाणी सुमारे १.८ अंशांनी तापतं. प्रवाह दुप्पट केला तर ०.९ अंशांनी. फरक एका अंशाहून कमी.

थोडक्यात, पीसीतला दुसरा पंप हा विमा आहे. गारवा हवा असेल तर पैसे मोठ्या रेडिएटरवर घाला.