डॉक्टरांना थांबवणारी नर्स

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या मानेतून किंवा छातीतून थेट मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला रुग्णालयात ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. औषधे आणि सलाईन याच नळीतून जातात. हयगय झाली तर जंतूही त्याच वाटेने रक्तात शिरतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी २००१ साली ही नळी घालताना करायच्या पाच गोष्टी कागदावर उतरवल्या. साबणाने हात धुणे, रुग्णाची त्वचा जंतुनाशकाने पुसणे, रुग्णाच्या सर्वांगावर निर्जंतुक चादर पसरणे, स्वतः टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे घालणे आणि शेवटी त्या जागी निर्जंतुक पट्टी लावणे.

यातले काहीही डॉक्टरांना नवे नव्हते. तरीही प्रोनोवोस्ट यांनी नर्सना महिनाभर नुसते पाहायला आणि नोंदवायला सांगितले. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांकडून निदान एक तरी पायरी सुटत होती.

मग प्रशासनाने नर्सना एक अधिकार दिला: पायरी सुटली, तर डॉक्टरांना तिथेच थांबवायचे. वर्षभरात, नळी घातल्यापासून दहा दिवसांत होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण अकरा टक्क्यांवरून शून्यावर आले.

पुढे हाच प्रयोग मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत झाला. तिथे एक साधी अडचण समोर आली. त्वचा पुसायचे क्लोरहेक्सिडिन दोन तृतीयांशाहून अधिक विभागांत ठेवलेलेच नव्हते! नर्सने कितीही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले, तरी कपाटात नसलेले औषध ती कुठून आणणार? म्हणून प्रत्येक विभागाला रुग्णालयातला एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला आणि असल्या अडचणी दूर करणे हे त्याचे काम ठरले. दर महिन्याचा संसर्गाचा आकडा त्या-त्या विभागाच्या हातात पडत असे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या तीन महिन्यांतच निम्म्याहून अधिक विभागांत संसर्गाची संख्या शून्यावर आली आणि दीड वर्षानंतरही सुधारणा टिकून होती.

यावरून कुणाला वाटेल की यादी छापली, भिंतीवर डकवली की काम फत्ते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा अनुभव वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षेची यादी जगातल्या आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. ओंटारिओत २०१० पासून अशा यादीच्या वापराचे आकडे जाहीर करणे सक्तीचे झाले. रुग्णालयांनी जवळपास शंभर टक्के वापर कळवला. मात्र १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे होते जवळपास तिथेच राहिले. खुणा करून कागद भरता येतो. कामाची पद्धत बदलायला माणसे तयार करावी लागतात, त्यांना वेळ आणि साधने द्यावी लागतात.

मोजत मोजत कामाची पद्धत सुधारण्याच्या या विचाराची सुरुवात कारखान्यात झाली. अमेरिकी अभियंता वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली दोषांचा आलेख मांडायची रीत काढली. रोजचे किरकोळ चढउतार कोणते आणि खरा बिघाड कोणता, हे त्या आलेखावरून ओळखता येते. त्यांचा विचार पुढे नेणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये व्याख्याने दिली आणि तिथल्या उद्योगांनी ती मनावर घेतली. आखा, थोड्यावर करून पाहा, मोजा, त्यानुसार बदला आणि पुन्हा आखा, असे हे चक्र. एका महिन्यात दोषांचा आकडा चढला म्हणून कुणाला धारेवर धरणे आणि उतरला म्हणून हारतुरे घालणे, या दोन्हींत माणसे कामापेक्षा आकडा सांभाळायला शिकतात.

हे चक्र कुडामातीच्या घरातही फिरू शकते, याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे आधी गावोगावच्या जन्ममृत्यूंची काटेकोर नोंद सुरू केली. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. त्याची खूण म्हणजे वेगाने चालणारा श्वास. पण निरक्षर सुईणीने मिनिटाचे श्वास मोजायचे कसे? त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि सरकते मणी असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला उपचार हवेत.

१९९५ पासून ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. त्या वजन करीत, बाळाला ऊबदार ठेवायला शिकवीत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याची रीत अनुभवातून बदलत गेली: आधी तोंडाने, मग नळी आणि मास्कने, पुढे हवेची पिशवी दाबून. प्रत्येक बदलानंतर किती बाळे वाचली हे तपासले गेले. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू १९९७-९८ मध्ये २५.५ वर आले. २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जातात. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जातात.

शाळेतही नेमके मोजले की वाट दिसते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत, २००५ पासून, मुलासमोर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. २०२४ मध्येही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना ती गोष्ट वाचता आली. यावर ‘प्रथम’चा उपाय सरळ आहे. दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून, अक्षरांवर अडलेली मुले एकत्र बसवायची, शब्द वाचणारी दुसरीकडे. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदलायचे. यात गुरुजींना आपल्या शिकवण्याचे फळ परीक्षेची वाट न पाहता कळते.

सरकारी कचेऱ्यांत मात्र हे चक्र अर्ध्यावर थांबते. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले आणि परवान्यांना मुदती ठरल्या. मुदत चुकली तर अपील आहे, पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड आहे. नागरिकाच्या हाती हे मोठेच बळ आले. पण दंड एका कर्मचाऱ्याला होतो. उत्पन्नाचा दाखला कुठल्या टेबलावर अडतो, कुठला कागद दोनदा मागितला जातो, हे त्यातून कळत नाही. कुठलेही तहसील कार्यालय एका दाखल्यापासून सुरुवात करू शकेल. महिन्याच्या अर्जांवर प्रत्येक टेबलावरची आवक-जावक तारीख लिहावी, ती यादी खिडकीवरच्या लिपिकासह सगळ्यांनी एकत्र बसून पाहावी, एक कागद किंवा एक सही कमी करावी आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तारखा काढाव्यात. ती सही कमी करण्याचा अधिकार लिपिकाकडे नसतो, म्हणून त्या बैठकीला स्वतः तहसीलदार हजर असायला हवेत.