एक छिद्र चुकले की बांबू वाया! बासरी नेमकी घडते कशी? दौलताबादचा ग्रंथ आणि जपानची शाकुहाची काय सांगतात?

दौलताबाद म्हटले की किल्ला, तुघलक आणि तोफा आठवतात. पण हे गाव देवगिरी होते, तेव्हा १३व्या शतकात यादव दरबारातील एका अधिकाऱ्याने बासरीची मापे लिहून ठेवली होती. त्याचे नाव शार्ङ्गदेव. राजा सिंघणाच्या काळात तो हिशेब खात्याचा प्रमुख होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि सहावा वाद्यांवर आहे.

ग्रंथात काय आहे?

- बासरी सरळ, गोल, गुळगुळीत हवी. गाठ किंवा चीर नको.
- आतली पोकळी करंगळी जाईल एवढी.
- छिद्रे बोराच्या बीएवढी.
- फुंकायचे छिद्र आणि त्याच्या जवळचे सुराचे छिद्र यांतील अंतरावरून बासरीचे नाव ठरते. ११ अंगुळे असेल तर ‘रुद्र’, १२ असेल तर ‘आदित्य’, १४ असेल तर ‘मनू’. म्हणजे नावातच माप!

मग मापे पाठ केली की झाले?

नाही. प्रत्येक बांबूची पोकळी आणि जाडी वेगळी असते, त्यामुळे तेच माप दुसऱ्या बांबूवर बेसूर होऊ शकते. म्हणून कारागीर तापलेल्या सळईने आधी लहान छिद्र पाडतो, फुंकून सूर तपासतो आणि मग थोडे थोडे मोठे करतो. छिद्र मोठे झाले की सूर चढतो. प्रमाणाबाहेर चढला, तर तो सहज उतरवता येत नाही. शिकणाऱ्याचे बहुतेक बांबू इथेच वाया जातात.

जपानी शाकुहाची वेगळी कशी?

शाकुहाची उभी धरून वरच्या कडेवर फुंकतात. तिला पाचच छिद्रे असतात, पुढे चार आणि मागे एक. प्रमाणित लांबी १ शाकू ८ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंमी. नावही त्यावरूनच पडले. बांबू मुळासकट खणून काढतात, आचेवर धरून त्यातले तेल काढतात आणि काही वर्षे वाळवतात.

मोठा फरक पुढे आहे. आधुनिक शाकुहाचीत पोकळीला आतून लाख आणि मातीच्या भुकटीचा लेप देतात. सूर बिघडला तर लेप खरवडायचा किंवा वाढवायचा. आपल्याकडे सूर मुख्यतः छिद्रात जुळवतात, तिकडे पोकळीतही. लेप न देता केलेल्या शाकुहाचीही असतात. तिथे मात्र बांबू जसा मिळेल तसा सांभाळून घ्यावा लागतो.

मराठवाड्यातला बांबू चालेल का?

आपल्याकडचा मानवेल जाड सालीचा, बऱ्याचदा भरीव असतो. काठीला उत्तम, बासरीला नाही. बासरीला पातळ सालीचा आणि लांब पेराचा बांबू लागतो. तो प्रामुख्याने आसामातून येतो. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात तो तडकण्याची भीती असते, म्हणून बासरीला दोरा गुंडाळतात आणि तेल लावतात.

सुरुवात कुठून करायची?

- आधी पीव्हीसी पाइपवर हात बसवा. पोकळी एकसारखी असल्याने चूक कुठे झाली ते लगेच कळते.
- ट्यूनर ॲप वापरा. मात्र भर उन्हात सूर जुळवू नका. हवा तापली की सूर चढतो आणि संध्याकाळी तीच बासरी उतरलेली वाटते.
- छिद्र नेहमी लहानच पाडा. मोठे करता येते, लहान करणे अवघड.