स्विचच्या पोर्टमधील तीस सेकंदांचा विलंब : कारण व उपाय

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक सुरू केल्यावर काहींना नेटवर्क मिळत नाही, थोड्या वेळाने मात्र मिळते. विंडोजवर अशा वेळी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि दोष केबलला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा स्विचमध्ये असते.

दोन स्विच दोन केबलींनी जोडले गेले की वर्तुळ तयार होते. आयपी पॅकेटला आयुर्मर्यादा असते, इथरनेटच्या फ्रेमला ती नसते. त्यामुळे ब्रॉडकास्ट फ्रेम वर्तुळात फिरत व वाढत राहते आणि काही क्षणांत सारे नेटवर्क ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. ती जादा वाट बंद ठेवते व मुख्य वाट तुटल्यास उघडते. वर्तुळ नाही याची खात्री होईपर्यंत नवा पोर्ट 'लिसनिंग' अवस्थेत १५ व 'लर्निंग' अवस्थेत १५ सेकंद थांबतो. एवढ्यात संगणकाची डीएचसीपी विनंती वाया जाऊ शकते. नेटवर्कवरून बूट होणारे संगणक तर अनेकदा तेथेच अडकतात.

२००१ च्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीने स्विच-स्विचमधील वाट झटपट उघडते, कारण दोघे परस्परांशी बोलून ठरवतात. संगणक ही भाषा बोलत नाही. म्हणून त्याचा पोर्ट 'एज' आहे असे सांगितले नसेल, तर अनेक स्विचांवर तेच ३० सेकंद जातात. सिस्कोच्या स्विचांवर या सोयीला 'पोर्टफास्ट' म्हणतात. ती दिली की पोर्ट तत्काळ सुरू होतो. शिवाय विद्यार्थ्याने संगणक चालू-बंद केल्याने नेटवर्कची रचना बदलल्याची वर्दी इतर स्विचांना जात नाही. एरवी अशा प्रत्येक वर्दीने ते शिकलेले पत्ते ३०० ऐवजी १५ सेकंदांतच विसरू लागतात. हा लाभ सहसा दुर्लक्षिला जातो.

विलंबाला कंटाळून काही जण स्पॅनिंग ट्रीच बंद करतात. हे अनाठायी धाडस आहे. एक चुकीची केबल पूर्ण प्रयोगशाळा बंद पाडू शकते. पोर्टफास्ट फक्त संगणक वा प्रिंटर जोडलेल्या पोर्टवर द्यावे, दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर देऊ नये. सोबत 'बीपीडीयू गार्ड' सुरू करावे. कोणी त्या पोर्टला स्विच जोडला आणि त्याचा बीपीडीयू संदेश आला, तर पोर्ट आपोआप बंद होतो. स्पॅनिंग ट्री न जाणणारा स्वस्त स्विच स्वतः असा संदेश पाठवीत नाही. पण त्याच्या दोन केबली भिंतीतील दोन पोर्टांना लागल्या, तर मुख्य स्विचचाच संदेश त्यातून परत येतो व गार्ड त्यालाही पकडते.