रात्रीचे ओलित, हातातील विजेरी आणि लिथियमचा धोका

यवतमाळ : रब्बीचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातील शेतकऱ्याची रात्र घरात जात नाही. कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, तर कधी रात्री वीज देण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे प्रयत्न होत असले, तरी रात्रीच्या पाळीची सवय अजून मोडलेली नाही. हरभऱ्याला पाणी देणे, तुषार संचाचे पाइप एका जागेवरून दुसरीकडे हलविणे, मोटार बंद पडली की विहिरीपर्यंत जाऊन येणे ही कामे अंधारात होतात. त्यात रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक वाचविण्यासाठी जागल करावी लागते. साप, विंचू आहेतच. पांढरकवडा, वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात वाघाची धास्तीही आहे. राळेगाव व पांढरकवडा परिसरातील तेरा जणांच्या मृत्यूस कारणीभूत मानली गेलेली टी-१ अर्थात 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीजवळ मारली गेली. त्या दोन वर्षांत या भागात दिवस मावळल्यावर हातात उजेड असल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकण्याची कुणाची छाती नव्हती.

हा उजेड देणारी वस्तू मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत आतून पार बदलली. पूर्वी पत्र्याच्या नळकांड्यात दोन किंवा तीन मोठे सेल घातले की विजेरी तयार होई. जस्त आणि कार्बनचे, दीड व्होल्टचे ते सेल महिनाभरात मंदावत, फार झाले तर आतल्या आत फुटून चिकट पाणी सोडत आणि स्प्रिंग गंजवत. याहून मोठा अपराध त्यांच्या हातून क्वचितच घडे. आताच्या विजेरीत एलईडी दिवा आणि लिथियम-आयन सेल असतो. हाताच्या पंजात मावणारी ही वस्तू दोनशे-तीनशे मीटरवरील धुऱ्यावर झोत टाकते, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते आणि आठवडी बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळते. कपाळाला बांधायच्या दिव्यांमुळे तर दोन्ही हात मोकळे राहतात. ग्रामीण भागात विजेरीलाच 'बॅटरी' म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्द आता वेगळ्या अर्थाने खरा ठरला आहे, कारण या वस्तूतील धोका दिव्यात नसून बॅटरीत आहे.

लिथियम-आयन सेल बाजारात प्रथम आणला तो जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. या तंत्राचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी वजनात भरपूर ऊर्जा साठविणे हा या सेलचा गुण आहे. विजेरीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेलला '१८६५०' म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी यांवरून हे नाव पडले. अडीच हजार मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या अशा एका सेलमध्ये साधारण सव्वानऊ वॅट-तास ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत कपभर पाणी उकळता येईल. ती तीन-चार तासांत हळूहळू बाहेर पडली तर शेतभर उजेड होतो. काही सेकंदांत बाहेर पडली तर आग लागते.

सेलच्या आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. एकीवर ग्रॅफाइटचा, तर दुसरीवर लिथियमयुक्त धातूच्या ऑक्साइडचा थर असतो. दोहोंमध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि या सगळ्यात भिजलेला द्रव ज्वालाग्राही असतो. पडदा शाबूत असेपर्यंत सेल निर्धोक राहतो. सेल दगडावर आपटून चेपला, उत्पादनाच्या वेळी धातूचा कण आत राहिला किंवा मर्यादेपेक्षा अधिक चार्ज झाला, तर दोन्ही पट्ट्यांचा आतल्या आत स्पर्श होऊन उष्णता निर्माण होते. तापमान शंभर अंशांच्या आसपास पोचले की रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात, सुमारे १३० अंशांना पडदा वितळतो आणि मग ही साखळी थांबविणे कुणाच्याही हाती राहत नाही. धातूच्या ऑक्साइडमधून प्राणवायूही सुटतो. त्यामुळे वरून माती किंवा घोंगडी टाकून आग गुदमरविण्याचा नेहमीचा उपाय येथे अपुरा पडतो.

चांगल्या कंपनीच्या सेलमध्ये या संकटावर तजवीज असते. दाब वाढला की प्रवाह तोडणारी चकती, वायू बाहेर सोडणारी झडप आणि अतिचार्जिंग रोखणारे छोटे सर्किट ही ती तजवीज. स्वस्त मालात पैसे वाचविले जातात ते नेमके येथेच. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवे रंगीत वेष्टन चढवून विकण्याचा धंदा जगभर चालतो. वेष्टनावर ६८०० किंवा ९८०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला असतो. १८६५० आकाराच्या बाजारातील उत्तमोत्तम सेलची क्षमताही साडेतीन हजारांच्या आसपासच असते. त्यामुळे याच्या दुप्पट आकडा छापणारा सेल खोटा आहे हे समजण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. वजन हीही एक खूण आहे. खरा सेल साधारण ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ३० ग्रॅमच भरला, तर आत काय असेल याचा विचार करावा.

विजेरीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी मोबाइलच्या बाबतीत नसते. पावसात आणि ओलितात टिकावी म्हणून विजेरीची नळी जाड ॲल्युमिनियमची असते आणि दोन्ही टोकांना रबरी कड्या बसवून ती घट्ट बंद केलेली असते. पाणी आत शिरत नाही, तसा वायूही बाहेर पडत नाही. सेल आत बिघडला की दाब साचत जातो आणि अखेरीस काच किंवा मागचे झाकण गोळीसारखे सुटते. हातात, दातात किंवा कपाळावर असलेल्या वस्तूबाबत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. विजेरी दातात धरून मोटारीच्या पेटीत हात घालण्याची सवय तर दुहेरी जिवावरची आहे.

दोन सेलच्या विजेरीत धोका अधिक वाढतो. एक नवा आणि एक जुना, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे सेल एकामागे एक घातले, की कमजोर सेल आधी रिकामा होतो. दुसरा सेल त्यातून प्रवाह रेटत राहतो आणि रिकाम्या सेलची ध्रुवता उलटते. तीन व्होल्टच्या, चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलवर चालणाऱ्या छोट्या विजेऱ्यांचे परदेशात जे स्फोट झाले, त्यांत अशी विजोड जोडी हे एक प्रमुख कारण आढळले आहे. 'एक सेल अजून चांगला आहे' म्हणून एकच बदलण्याची काटकसर जुन्या सेलच्या जमान्यात खपून गेली. येथे ती चालणार नाही.

घरात भरलेला कापूस

जिल्ह्याचा विचार करता सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. भाव पडलेले असले की शेतकरी कापूस विकत नाही, घरातच भरून ठेवतो. एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि त्याच खोलीच्या दारापाशी, विजेच्या एकुलत्या एका बोर्डावर विजेरी, मोबाइल आणि फवारणी पंप चार्जिंगला, हे दृश्य गावोगावी दिसते. दिवसभराच्या कष्टानंतर चार्जिंग लावले जाते ते झोपताना. म्हणजे बिघाड झालाच, तर तो सर्व जण झोपेत असताना आणि कापसापासून हातभर अंतरावर होणार. अग्निशमन बंब नगर परिषदेच्या गावी असतो. तो झरी किंवा उमरखेडच्या आडवळणाच्या पोडावर, तांड्यावर पोचेपर्यंत वर्षभराची कमाई शिल्लक राहत नाही.

ही भीती कल्पनेतील नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील वसई येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि उपचारादरम्यान दगावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिक येथे कंटेनरमधील वीस इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या. स्कूटरची बॅटरी विजेरीच्या सेलपेक्षा कितीतरी मोठी असते हे खरे. परंतु ती अशाच लहान सेलांची जुडी असते आणि आग एका सेलपासूनच सुरू होते. मालवाहू विमानांनाही हा अनुभव आला आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ कोसळलेल्या यूपीएस कंपनीच्या बोइंग ७४७ विमानात लिथियम बॅटऱ्यांचा माल होता. त्या दुर्घटनेत दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल सामानात न टाकता हातातील पिशवीतच न्यावे लागतात ते यामुळेच. हातातील पिशवी पेटली तर निदान कुणाला तरी दिसते.

हाच विचार घरात करता येतो. विजेरी जागेपणी, डोळ्यासमोर चार्ज करावी. कापूस, कडबा, गाद्या आणि झोपण्याच्या जागेपासून दूर, फरशीवर किंवा ओट्यावर ठेवून. जवळ पाण्याची बादली असावी. चार्जिंग पूर्ण झाल्याचा दिवा लागला की पिन काढून टाकावी. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टवर असतो. त्यापुढे जाऊ न देण्याचे काम स्वस्त विजेरीतील सर्किट करीलच याची खात्री नसते.

चार्जरबाबत तर गावात सर्रास घोटाळा होतो. फवारणी पंपाचा १२ व्होल्टचा चार्जर, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर आणि विजेरीचा चार्जर या तिघांची गोल पिन बहुधा सारखीच असते. पिन बसली म्हणजे चार्जर चालला, असा समज करून घेतला जातो आणि चार व्होल्टच्या सेलवर तिप्पट दाब येतो. काही विजेऱ्यांच्या बुडातूनच दोन पिना बाहेर येतात आणि त्या थेट २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचल्या जातात. अशा विजेऱ्यांत अनेकदा ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे प्लगमध्ये असताना आतील भाग थेट विजेच्या संपर्कात असतो. वीज गेली म्हणून त्या अवस्थेतच दिवा लावण्यासाठी हात घालणे धोक्याचे आहे.

विदर्भाच्या उन्हाळ्याचाही हिशेब धरावा लागेल. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांपर्यंतच्या तापमानातच चार्ज करण्यासाठी बनविलेले असतात आणि मे महिन्यात यवतमाळचा पारा सावलीतच त्याच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या पेटीत तापमान त्याहून बरेच वर असते. दुपारी चार्जिंग न करता सकाळी करणे श्रेयस्कर. सुटे सेल बंडीच्या खिशात चिल्लर, किल्ल्या किंवा पाना यांच्यासोबत ठेवू नयेत. सेलचा जवळपास सारा धातूचा डबा हे एक टोकच असते. वेष्टन थोडे फाटले, तर एका नाण्यानेही दोन्ही टोके जोडली जातात आणि कापड जळण्याइतकी उष्णता क्षणात तयार होते.

सेल फुगला, गोडसर उग्र वास आला, विजेरी बंद असतानाही गरम लागली किंवा 'सूं' असा आवाज आला, तर ती उघडून पाहण्याचा मोह टाळावा. शक्य असेल तर मोकळ्या जागी सोडून दूर व्हावे. पेट घेतलाच, तर आधी विजेचे मुख्य बटण बंद करून भरपूर पाणी ओतावे. पाण्याने सेल थंड होतो आणि आग शेजारच्या सेलकडे पसरत नाही. विझल्यासारखा दिसणारा सेल काही वेळाने पुन्हा भडकू शकतो. धुरात हायड्रोजन फ्लुओराइडसारखे विषारी वायू असतात. तो श्वासावाटे जाता कामा नये. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये.

लहान मुले असलेल्या घरात किल्लीला अडकविण्याच्या छोट्या दिव्यांतील बटनसारख्या चपट्या सेलकडे विशेष लक्ष हवे. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. आपोआप पडेल म्हणून वाट पाहणे किंवा उलटी करविणे घातक आहे. मुलाला तत्काळ क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.

खरेदीच्या वेळी पाहायची एक सोपी गोष्ट म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. लिथियम-आयन सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक असून या सेलची नोंदणी सक्तीची आहे. एलईडी हातविजेऱ्याही सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. वस्तूवर मानक चिन्हासोबत 'आर' या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर कुणालाही तपासता येते. आठवडी बाजारातील पालावर असा क्रमांक मागणारा ग्राहक विरळाच. पावतीचेही तेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई उत्पादक व विक्रेत्याकडून मागण्याचा हक्क दिला, जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. पण पावती नसेल, तर वस्तू कुणाकडून घेतली हे सिद्ध करतानाच दमछाक होते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

निकामी झालेल्या सेलचे काय करायचे, या प्रश्नावर कायदा स्पष्ट आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे आणि ग्राहकानेही त्या घरगुती कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. गावपातळीवर मात्र संकलनाची व्यवस्था हाताशी नाही. सेल उकिरड्यावर जातात, तेथून पोरांच्या खेळण्यात येतात किंवा हिवाळ्यात पऱ्हाटीच्या शेकोटीत फेकले जातात आणि शेकोटीभोवती बसलेल्यांच्या अंगावर उडतात. तूर्तास दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवून, तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या किंवा ई-कचरा स्वीकारणाऱ्या दुकानात देणे एवढाच मार्ग उरतो.