वेब-आधारित ई-मेल सेवेमागील सर्व्हर सॉफ्टवेअर : रचना व कार्यपद्धती

प्रस्तावना :
महाविद्यालयीन अध्यापकांचा विद्यापीठाशी, संशोधन नियतकालिकांशी व विद्यार्थ्यांशी होणारा बराचसा पत्रव्यवहार ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ई-मेलद्वारे होतो. वापरकर्त्यास एकच पान दिसत असल्याने त्यामागे एकच सॉफ्टवेअर असावे, असा समज होतो. वस्तुतः तेथे कामाची वाटणी करून घेतलेली अनेक सॉफ्टवेअर असतात. ही वाटणी ध्यानात घेतल्यास 'पाठवले' या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि पत्रव्यवहार कोणाच्या ताब्यात राहतो, हे दोन्ही प्रश्न स्पष्ट होतात.

संदेशाचे वहन :
'पाठवा' हे बटण दाबताच वेबमेल प्रोग्राम संदेश वहन-सर्व्हरकडे सोपवतो. सेंडमेल, पोस्टफिक्स व एक्झिम ही या वर्गातील प्रसिद्ध सॉफ्टवेअर होत. हा सर्व्हर डीएनएसमधील एमएक्स नोंद पाहून प्राप्तकर्त्याचा सर्व्हर शोधतो व एसएमटीपी या नियमावलीनुसार त्याच्याशी संवाद साधतो. जॉन पोस्टेल यांनी ही नियमावली १९८२ मध्ये शब्दबद्ध केली. समोरून '२५०' हे उत्तर आल्यास संदेश स्वीकारला गेला असे समजावे. उत्तर ४ या अंकाने सुरू झाल्यास अडचण तात्पुरती असते. संदेश रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न केला जातो. ५ या अंकाने सुरू होणारे उत्तर म्हणजे कायमचा नकार होय. सारांश, 'पाठवले' म्हणजे 'वाचले' नव्हे, 'पोहोचले' असेही नव्हे.

साठवण व वाचन :
आलेले संदेश टपालपेटीत साठवले जातात. ते वाचण्यासाठी आयमॅप ही स्वतंत्र नियमावली आहे. तिचा आरंभ मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये केला. डव्हकॉट व सायरस हे आयमॅप सर्व्हर होत. स्क्विरलमेल किंवा राउंडक्यूब यांसारखा वेबमेल प्रोग्राम आयमॅपद्वारे संदेश मागवून त्यांचे वेबपानात रूपांतर करतो. म्हणजेच डोळ्यांसमोरचे पान ही खिडकी असून पत्रे अन्यत्र असतात.

हॉटमेलचे उदाहरण :
सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेली हॉटमेल सेवा मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या अखेरीस विकत घेतली. तिचे दर्शनी वेब सर्व्हर फ्रीबीएसडी व अपाची यांवर, तर पत्रांची साठवण सोलारिसवर होती. २००० मध्ये दर्शनी सर्व्हर विंडोज २००० वर नेण्यात आले. साठवण मात्र त्या वेळी सोलारिसवरच ठेवली गेली. भाग परस्परांपासून वेगळे असल्यामुळेच असा बदल टप्प्याटप्प्याने करता आला.

प्रेषकाची ओळख :
मूळ एसएमटीपीमध्ये प्रेषकाचे नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय नव्हती. त्यामुळे प्राचार्यांच्या नावे बनावट संदेश पाठवणे आजही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. यावर उपाय म्हणून एसपीएफ, डीकिम व डीमार्क या पडताळणी पद्धती पुढे आल्या. त्यांच्या नोंदी संस्थेच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठवणाऱ्यांसाठी त्या बंधनकारक केल्या. या नोंदी नसल्यास प्रवेशाच्या वा परीक्षेच्या अधिकृत सूचनाही नाकारल्या जाण्याची किंवा स्पॅममध्ये जाण्याची शक्यता असते.

निष्कर्ष :
सर्व्हर स्वतः चालवावा की सेवा बाहेरून घ्यावी, हा खर्च व मनुष्यबळ यांचा प्रश्न आहे. त्याहून मूलभूत प्रश्न पत्त्याच्या मालकीचा आहे. पत्ता महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवर असल्यास एमएक्स नोंद बदलून सेवा बदलता येते, आयमॅपद्वारे जुनी पत्रे नव्या ठिकाणी नेता येतात आणि पत्ता तोच राहतो. पत्ता एखाद्या कंपनीच्या डोमेनवर असल्यास पत्रांची प्रत काढता येते, पण पत्ता सोबत नेता येत नाही. शोधनिबंधांवर छापलेला पत्ता वर्षानुवर्षे तसाच राहतो. म्हणून तो देताना अध्यापकांनी आणि संस्थेने हा भेद विचारात घेणे अगत्याचे आहे.