टेबलावरची हवाई लढाई: सुरुवात अशी करा

छोटी विमानं मांडून हवाई लढाई खेळायला पाचोडातही आजच सुरुवात करता येते. पहिल्या डावासाठी बोयराची लढाई निवडा. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी आपल्या ४ नॅट विमानांनी तिथे पाकिस्तानी सेबर विमानांना गाठलं आणि त्यातली २ पाडली.

🔹 विमानं: १/१४४ किंवा १/३०० मापाची. नसतील तर पुठ्ठ्याची कापा.
🔹 पट: चार्ट पेपरवर षटकोनी घरं आखा.
🔹 उंची: विमानाशेजारी ठेवलेल्या फाशाचा आकडा.
🔹 चाल: दोघांनी गुपचूप लिहायची, एकदम उघडायची.
🔹 डावपेच: खाली झेपावलं की वेग वाढतो, चढताना घटतो. शेपटीमागे पोहोचा, मगच गोळीबार करा.

सुरुवातीला प्रत्येकी २ विमानं पुरेत. पैठण तालुक्यात कुणाला शिकायचं असेल तर नक्की कळवा!