स्लॅम बोलावा की थांबावे?

येरवडा म्हटले की लोकांना आधी तुरुंग आठवतो. आम्हा चौघा मित्रांना मात्र ब्रिज आठवतो; आणि तो मुळा-मुठेवरचा नव्हे, पत्त्यांचा! मराठीच्या प्राध्यापकाला हा नाद कसा, असे विचारू नका. एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकूम, पास, डबल आणि रिडबल, एवढ्या पंधरा शब्दांत भिडूला मनातले सगळे सांगायचे! इतकी काटकसर आमच्या कवींनाही साधत नाही.

या बोलीची खरी कसोटी लागते ती स्लॅमच्या वेळी. तेरापैकी बारा हातांची बोली म्हणजे लहान स्लॅम, तेराही हातांची म्हणजे मोठा. हात नुसते करून भागत नाही, ते आधी बोलावे लागतात. डुप्लिकेट ब्रिजच्या हिशेबात सहा इस्पिक बोलून बारा हात झाले, तर चारवर थांबण्यापेक्षा किमान 500 गुण अधिक मिळतात. अकराच झाले तर तितकेच हातचे जातात. म्हणजे निम्मी आशा असली तरी लहान स्लॅम बोलायला हरकत नाही. मोठ्याला मात्र तीनात दोन वेळा यशाची खात्री हवी. कारण तो बुडाला की हातातला लहान स्लॅमही बुडतो.

एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असे पत्त्यांत एकूण 40 गुण. दोघांचे मिळून 33 झाले की स्लॅम, असा पाठ नवशिके घोकतात. त्यात तथ्यही आहे. उरलेल्या सातांत दोन एक्के मावत नाहीत.

पण आमच्या बैठकीतला एक डाव पाहा. माझ्याकडे इस्पिक एक्का, राजा, गुलाम, आठ, सहा. बदाम राजा, राणी, चौवा. चौकट सत्ता, दुवा. किलवर एक्का, राणी, तिया. समोर गणिताचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे इस्पिक राणीसह चार पाने, बदाम एक्का-गुलामासह तीन, किलवर राजा, गुलाम, दश्शा, पंजा आणि चौकटची राणी व गुलाम. बरोबर 33!

मी एक इस्पिक बोललो, त्यांनी तीन. आता चार बिनहुकूम बोलून एक्के विचारावेत, ही ब्लॅकवुड यांची 1933 सालची युक्ती. पण ती एक्के किती ते सांगते, कोठले ते नाही. म्हणून मी चार किलवर बोलून किलवरचा एक्का दाखवला. सर चार बदाम म्हणाले. चौकट वगळली, म्हणजे आमच्या संकेताप्रमाणे त्या रंगात एक्काही नाही आणि राजाही नाही. मी चार इस्पिकवर थांबलो.

"एवढी पाने आणि चार?" शेजारी बसलेल्या पाहुण्यांना राहवेना. तेवढ्यात डावीकडून चौकटचा एक्का उतरला, पाठोपाठ राजा. उरलेले अकरा हात आमचे.

गंमत अशी, की सरांकडे चौकटची राणी-गुलामाऐवजी एकच नव्वा आणि किलवरचे एक पान जास्त असते, तर गुण 30च भरले असते. पण गेला असता एकच हात, आणि स्लॅम सुखाने झाला असता!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत पत्ते मांडाल तेव्हा गुण जरूर मोजा. पण पहिले दोन हात कोण नेणार, हे आधी भिडूला विचारा. आणि विचारलेत, तर त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवा.